कौलारू घराचे बारा महिने

मे महिन्यात आठ दिवस कोकणात राहून गेलेल्या पाहुण्यांचं कौतुक ठरलेलं असतं. "काय गार घर हो तुमचं! पंखासुद्धा लागत नाही!" ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून आंबे खायचे, विहिरीचं पाणी गोड म्हणायचं आणि पेटी बांधून घेऊन परतायचं. माझं सासर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आम्ही राहतो ठाण्याला. पण गेल्या तीस वर्षांत सण, सुट्ट्या, आजारपणं, बाळंतपणं धरून वर्षाचा एकही महिना असा नाही, जो त्या घरात काढलेला नाही. म्हणून सांगते, मैत्रिणींनो, त्या घराची गोडी आठ दिवसांत कळत नाही. आणि ती फुकट तर मुळीच मिळत नाही.

घर तसं चारचौघांसारखंच. चिऱ्याच्या जाड भिंती, पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. जमीन शेणाने सारवलेली. वर मंगळुरी कौलं. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती हळूहळू किनाऱ्याने पसरली. त्याआधी कुंभाराचे नळे नाहीतर पेंढा. घर गार राहतं त्याचं गुपित एवढंच, की उन्हाने तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते.

मात्र त्याच फटींतून पाऊसही आत बघत असतो! आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणून जूनच्या ७-८ तारखेला मृग लागायच्या आत कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, पडवीला झावळ्यांची झापं बांधायची, लाकूडफाटा आणि शेणी आत घ्यायच्या. एवढं झालं, की मग खुशाल कोसळू दे. पागोळ्यांचा आवाज ऐकत माजघरात झोपण्यासारखं सुख नाही. पहिल्या सरींनी बांधावर टाकळा उगवतो. त्याची कोवळी पानं चिरून, कांद्यावर परतून, वर भरपूर ओलं खोबरं घातलं, की जोडीला नुसती तांदळाची भाकरी पुरते. पुढे भारंगी, मग परसातलं अळू. या दिवसांत बाजाराची आठवण होत नाही. रस्त्यावर चिखल एवढा असतो, की झाली तरी उपयोग नाही.

कपडे मात्र वाळत नाहीत. आठ-आठ दिवस वाळत नाहीत. चुलीवर दोरी बांधून लंगोट वाळवलेल्या बायकांना विचारा, पाऊस किती रम्य असतो ते!

श्रावण-भाद्रपदात हळदीची पानं हाताएवढी होतात आणि पातोळ्यांचा वास घरभर फिरतो. गणपतीला घर भरतं, ते सांगायलाच नको. पाऊस सरला, की अंगण नव्याने करायचं. पावसाने उखणलेली माती सारखी करायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून-चोपून गुळगुळीत करायची आणि वर सारवण. पहिल्या सारवणानंतर ओलसर अंगणात अनवाणी उभं राहून बघा. लादीवर ते सुख नाही. दिवाळीला त्याच अंगणात तुळशीपुढे पहाटे कारीट फोडायचं आणि नव्या भाताचे पोहे खायचे. दह्यातले, दुधातले, गुळातले.

थंडी आमच्याकडे बेताचीच. सकाळी चुलीपुढे बसून मऊभात, मेतकूट आणि तूप. रात्री कुळथाचं पिठलं. आंब्याला मोहोर धरला, की पुरुषमंडळी आभाळाकडे बघत बसतात. ढगाळ हवा आली की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मग शिमगा, दारी ग्रामदेवतेची पालखी, आणि पाठोपाठ वैशाख.

खरं घर वैशाखात बघावं. अंगणभर चटया, सुपं, ताटं. रातांबे फोडून बिया वेगळ्या करायच्या. त्यांना मीठ लावलं, की सुटतो तो रस. साली त्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी सहा-सात पुटं दिली, की आमसूल काळंभोर आणि मऊ राहतं. बाजारातलं आमसूल पुष्कळदा कडक आणि फिकट दिसतं, ते पुटं कमी दिल्यामुळे. बरक्या फणसाचा रस चाळून, तेलाचा हात फिरवलेल्या ताटांत पातळ पसरायचा; ती फणसपोळी. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा घालू नये, आतून आंबूस होते. आठळ्या मातीत घोळून कोपऱ्यात ठेवल्या, की आषाढात भाजीत घालायला मिळतात. आणि हे सगळं करताना एक डोळा आभाळाकडे, दुसरा माकडांकडे!

आता जे बोलायचं आहे ते बोलते. ही सगळी गोडी, बघा, कोणाच्या तरी हातची आहे. आमच्या घरात ते हात सासूबाईंचे. वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा तिघे भाऊ ओटीवर बसले. एक म्हणाला, आईला ठाण्याला नेऊ, घराला कुलूप लावू. दुसरा म्हणाला, पाडून स्लॅब टाकू. (स्लॅब टाकून झाल्यावर ती गळते म्हणून वर पत्र्याची शेड उभारणारी घरं आमच्या वाडीतच आहेत.) कुलूप लावलेल्या कौलारू घराचं काय होतं, हेही सगळ्यांना ठाऊक. माकडाच्या एका उडीने कौल फुटतं, पावसाळाभर पाणी एकाच वाशावर पडतं, चूल पेटत नाही म्हणून धूर नाही, धूर नाही म्हणून वाळवी आणि भुंगे.

सासूबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "मला न्यायचं तर न्या हो. पण घर हवं असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी सांगा, सारवणार कोण?"

ओटीवर कोणी बोललं नाही. बोलणार काय? ऋतूंचं कौतुक साऱ्यांनी करायचं आणि कंबर एकीची मोडायची, हा हिशेब माझ्या मते आता चालू नये. जावांनी मिळून आम्ही तसं स्पष्ट सांगितलं. मग ठरलं ते असं. ओटी-माजघराला कोबा करायचा, सारवण फक्त स्वयंपाकघर आणि अंगणापुरतं, तेही मजुरी देऊन. विहिरीवर पंप. चूल राहील, पण शेजारी गॅसही. वैशाखात पंधरा दिवस आणि कौलं परतायच्या वेळी एकेका भावाने आपल्या कुटुंबासह यायचं, आणि पाहुणा म्हणून नव्हे. मधल्या महिन्यांत सासूबाई आमच्याकडे असतील, तेव्हा शेजारच्या काकू दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडून चूल पेटवतील. त्याचे पैसे आधी ठरवून घेतले, भिडेवर सोडलं नाही.

ज्यांची अशी घरं गावी बंद आहेत, त्यांनी निघताना एक करावं: डाळ-तांदूळ डब्यात उरवू नयेत, गाद्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून त्या जमिनीपासून उंच ठेवाव्यात, आणि किल्ली गावातल्याच माणसाकडे द्यावी.

यंदा वैशाखात पहिली पाळी धाकट्या दिरांची होती. सासूबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या, भावजी रातांबे फोडत होते. पुटं चारच झाली, पाचव्याच्या वेळी मुंबईहून ऑफिसचा फोन आला. आमसुलं थोडी फिकी आहेत. पण आमटीला चालतात.