वाट पाहणाऱ्यांचा जिल्हा

अहिल्यानगर म्हणजे आपला जुना नगर जिल्हा. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हे त्याचे तालुके पर्जन्यछायेतले, आणि इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहत आला. देवाच्या शब्दावर विसंबून थांबलेली माणसेही याच मातीतली: वारकरी, साईभक्त, ख्रिस्ती, मेहेरप्रेमी. त्यांच्याकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. जे मागितले ते मागितल्या रूपात क्वचितच मिळाले, तरी वाट पाहणे वाया गेले नाही.

पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरच्या निळोबारायांना अनुग्रह हवा होता तो तुकोबांचाच, आणि तुकोबा तर 1650 मध्येच वैकुंठाला गेलेले. निळोबांनी अन्न सोडून धावा मांडला. परंपरा सांगते की आधी साक्षात पांडुरंग प्रकटला, तेव्हा निळोबांनी त्यालाच विचारले, तुला कोणी बोलावले? मग तुकोबांनी दर्शन दिले. त्या अनुग्रहातून निळोबांची गाथा उभी राहिली. आषाढीला त्यांची पालखी आजही पिंपळनेरहून पंढरीला जाते.

शिर्डीत अशाच हट्टाला वेगळे उत्तर मिळाले. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात वृद्ध राधाबाई देशमुखांची कथा आहे. साईबाबा कानमंत्र देईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. बाबांनी मंत्र दिला नाही. माझ्या गुरूने माझ्याकडे दोनच पैसे मागितले, एक निष्ठेचा, दुसरा सबुरीचा, असे त्यांनी सांगितले. राधाबाईंनी ते मानले आणि उपास सोडला.

सगळ्यात अवघड वाट पाहिली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार एका बातमीने उसवला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. तिने यावे म्हणून टिळक प्रार्थना करीत होते, त्यांनी परतावे म्हणून ती देवाला साकडे घालीत होती. पुढे मुलाला घेऊन त्या नगरला आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. मन हळूहळू बदलत गेले आणि 1900 मध्ये राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा परतला नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचली, तीही स्वतःच्या पायांनी. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी उतारवयात ते पुढे नेले. अध्यायांमागून अध्याय रचणे हीच त्यांची प्रार्थना होती, असे मी मानतो.

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत बायबलमधल्या शिमोनाची कथा सांगितली जाते. मसीहा पाहिल्याशिवाय तुला मरण नाही, असे वचन त्याला मिळाले होते. लोक राजाची वाट पाहत होते. म्हाताऱ्या शिमोनाच्या हाती आले एक तान्हे बाळ, येशू. त्याने ते ओळखले, कारण वाट पाहता पाहता त्याची नजर तयार झाली होती.

नगरजवळच्या मेहेराबादला तर कसोटीच लागली. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 पासून मौन धरले. ते सोडण्याचा शब्द त्यांनी वारंवार दिला, आणि 31 जानेवारी 1969 ला ते मौनातच गेले. भक्त पांगले नाहीत. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला, म्हणजे अमरतिथीला, हजारो माणसे समाधीपाशी जमून त्याच मौनात सामील होतात. बाहेरच्याला इथे वचन मोडलेले दिसेल. त्यांच्या लेखी ते पुरे व्हायचे आहे.

आज आपल्यातही कोणी नोकरीची, कोणी मुलाच्या बरे होण्याची, कोणी तुटलेल्या नात्याची वाट पाहत आहे. धीर धरा, एवढे म्हणून भागत नाही. या माणसांनी थांबलेल्या काळात अभंग रचले, अपुरे काव्य पुढे नेले, वारी चालवली. वचन कधी आणि कोणत्या रूपात पुरे करायचे, हे देवाचे काम. ते येईल तेव्हा ओळखता येईल असे आपले मन घडवणे, हे मात्र आपले काम आहे, आणि ते आजच सुरू करता येते.