बहिणीचा वाटा

बाजारहत्नूरची आम्ही मराठी मंडळी. घरात भाषा मराठी, पण शेतीवाडीला कायदा हैदराबादचा. त्याच कायद्याने आमच्या लेकींना महाराष्ट्रातील भगिनींच्या आधी न्याय दिला, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला पित्याच्या वाट्यात हिस्सा दिला. पण वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मसिद्ध हक्क मुलाचाच राहिला. आंध्र प्रदेशाने तो ५ सप्टेंबर १९८५ पासून, तोवर अविवाहित असलेल्या मुलींनाही दिला. महाराष्ट्रात त्यासाठी १९९४ साल उजाडले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट गेली; वडील तेव्हा हयात नसले तरी हक्क अबाधित राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

तरीही वडिलांचे तेरावे आटोपले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. भाऊबीजेच्या ओवाळणीने ही भरपाई होते काय? भावानेच आधी म्हणावे, "ताई, सही राहू दे, तुझा वाटा किती ते आधी पाहू." वाचकहो, एवढे म्हणणारे भाऊ आपल्या घरांत घडावेत, हीच आमची इच्छा.