छाया कोणाची? युद्धछायाचित्रणातील श्रेयाचा वाद

श्रेय म्हणजे नेमके काय

मराठी वृत्तपत्रात छायाचित्राखाली बारीक अक्षरांत ‘छाया :’ असे लिहून पुढे नाव दिलेले असते. ते छायाचित्रकाराचे. ‘सौजन्य’ या शब्दापुढचे नाव मात्र बहुधा संस्थेचे किंवा संग्रहाचे असते. कॅमेरा कोणाच्या हातात होता, हे त्यावरून कळत नाही. मालकी आणि कर्तृत्व या दोन निराळ्या बाबी आहेत. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानेही त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्राच्या प्रसिद्धीचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा असतो. आपण त्याचा कर्ता आहोत असे सांगण्याचा हक्क मात्र कलम ५७ नुसार निर्मात्याकडेच राहतो, मग मालकी कोणाकडेही गेलेली असो.

घोळ कुठे होतो

फिल्मच्या काळात युद्धभूमीवरचे रीळ अनेक हातांतून जाई. ते कार्यालयात पोहोचवणारा एक, डार्करूममध्ये धुणारा दुसरा, चौकट निवडणारा संपादक तिसरा आणि चित्रओळ टाइप करणारा चौथा. छायाचित्रकाराचे नाव कागदावर उमटे ते या शेवटच्या टप्प्यावर. तोवर छायाचित्रकार कित्येकदा पुन्हा आघाडीवर गेलेला असे. पगारी छायाचित्रकाराचे नाव कार्यालयाला पाठ असते. तुकड्यावर काम करणाऱ्या स्थानिक स्ट्रिंगरचे रीळ विकत घेतले जाते आणि व्यवहार तिथेच संपतो. श्रेयाच्या बहुतेक वादांचे मूळ या विषमतेत आहे.

ब्रेडी आणि गार्डनर

अमेरिकी यादवी युद्धातील अँटिएटमच्या लढाईनंतर, ऑक्टोबर १८६२ मध्ये मॅथ्यू ब्रेडीच्या न्यूयॉर्कमधील दालनात मृत सैनिकांची छायाचित्रे मांडण्यात आली. लोकांनी ती ब्रेडीची मानली. कॅमेऱ्यामागे होते अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन. स्टुडिओच्या मालकाचे नाव देण्याची तेव्हा रीतच होती. पुढे गार्डनरने वॉशिंग्टनमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १८६६ मध्ये शंभर छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात छायाचित्राखाली निगेटिव्ह कोणाची आणि छाप कोणी काढली, अशी दोन नावे स्वतंत्रपणे दिलेली आढळतात. त्याच संग्रहातला छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हन याचे नाव आज ठाऊक आहे त्याला ही नोंद मोठ्या प्रमाणात कारण आहे.

एका नावामागे दोघे

‘रॉबर्ट कापा’ हे १९३६ मध्ये पॅरिसमध्ये घडवलेले नाव. हंगेरीतून आलेला एन्द्रे फ्रीडमन आणि जर्मनीतून आलेली गेर्टा पोहोरिले यांनी एक काल्पनिक अमेरिकी छायाचित्रकार उभा केला आणि त्याच्या नावाने छायाचित्रे विकली. पुढे ते नाव फ्रीडमनचे झाले आणि गेर्टा ही गेर्डा तारो झाली. स्पेनच्या यादवी युद्धात, जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत तिचा मृत्यू झाला. त्यानंतर तिची बरीच छायाचित्रे कापाच्या नावाखाली गेली.

ती वेगळी काढण्याचे एक साधन म्हणजे चौकटीचा आकार. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत तारो चौरस चौकटीचा कॅमेरा वापरत असे, तर कापा आयताकृती चौकटीचा लायका. नंतर तिनेही लायका घेतला, त्यामुळे ही खूण सुरुवातीच्या कामापुरतीच चालते. २००७ मध्ये मेक्सिकोहून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या तीन पेट्यांतील सुमारे ४,५०० निगेटिव्हमध्ये कापा, तारो आणि छायाचित्रकार डेव्हिड सेमूर या तिघांचे काम होते. अखंड रिळे हाती आल्यामुळे एखादी चौकट तिच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटींशी जोडून पाहता आली. सुट्या छापावरून हे शक्य नसते.

त्रांग बांग, ८ जून १९७२

दक्षिण व्हिएतनामच्या विमानाने त्रांग बांग गावावर नापाम टाकले. जळालेल्या अंगाने रस्त्यावरून धावत येणाऱ्या नऊ वर्षांच्या किम फुकचे छायाचित्र असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेने जगभर पाठवले. श्रेय संस्थेचे तरुण छायाचित्रकार निक उट यांना मिळाले. १९७३ मध्ये पुलित्झर आणि वर्ल्ड प्रेस फोटो हे दोन्ही सन्मान छायाचित्राला लाभले. किम फुकला रुग्णालयात नेण्यात उट यांचा वाटा होता आणि तो पुढे उद्भवलेल्या श्रेयाच्या वादाने कमी होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘द स्ट्रिंगर’ या माहितीपटाने वेगळा दावा मांडला. त्यानुसार छायाचित्र न्गुयेन थान न्घे यांचे होते. त्या दिवशी ते एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीच्या चमूसोबत चालक म्हणून गेले होते आणि मुक्त छायाचित्रकार म्हणून छायाचित्रे विकत असत. एपीच्या सायगाव कार्यालयात त्या वेळी काम करणारे कार्ल रॉबिन्सन यांचे म्हणणे असे की, छायाचित्रविभागाचे प्रमुख होर्स्ट फास यांच्या सांगण्यावरून त्यांनी चित्रओळीत उट यांचे नाव घातले. फास २०१२ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची बाजू विचारता येत नाही. उट यांनी हा दावा फेटाळला आहे.

निगेटिव्ह काय सांगते

कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे धातूची एक चौकट असते. तिच्या कडा आणि कोपरे निगेटिव्हवर उमटतात व त्यावरून कॅमेऱ्याचा प्रकार ओळखता येतो. हे छायाचित्र लायकाने टिपल्याचे अनेक वर्षे मानले गेले. एपीने स्वतःच्या तपासात निगेटिव्हच्या कडा तपासल्या, तेव्हा ती पेंटॅक्सची असण्याची शक्यता अधिक दिसली. जुन्या समजाला यामुळे तडा गेला. मात्र पेंटॅक्स कोणाच्या गळ्यात होता, हे कडा सांगत नाहीत.

दुसरा पुरावा जागेचा. त्या दिवशीचे दूरचित्रवाणीचे चित्रण, इतर छायाचित्रे आणि रस्त्याचे नकाशे जुळवून कोण कुठे उभा होता याची मांडणी केली जाते. माहितीपटासाठी केलेल्या मांडणीत उट फार मागे दिसतात. एपीच्या मांडणीनुसार त्यांना ती जागा गाठणे शक्य होते. उपलब्ध चित्रणात खंड आहेत, आणि त्या खंडांत कोण किती पावले चालला यावरच सगळा मतभेद आहे. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणी हा तिसरा पुरावा आणि सर्वांत कच्चा.

नाव मुद्दाम झाकले तर

१९७९ मध्ये इराणमधील सनंदजजवळ कुर्द कैद्यांना गोळ्या घालतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. १९८० चे पुलित्झर त्याच्या अनामिक छायाचित्रकाराला देण्यात आले. जहांगीर रझमी हे नाव २००६ मध्ये उघड झाले. इथे श्रेय टाळण्यामागे जिवाची भीती होती, म्हणून रिकामी जागा ही दरवेळी अन्यायाचीच खूण मानता येत नाही.

दोन संस्था, दोन निर्णय

त्रांग बांगच्या छायाचित्राबाबत ६ मे २०२५ रोजी एपीने ९७ पानांचा अहवाल दिला. नाव बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाही, असे सांगून संस्थेने उट यांचे श्रेय कायम ठेवले. त्याच महिन्यात वर्ल्ड प्रेस फोटोने श्रेय स्थगित केले आणि ते छायाचित्र टिपण्याच्या दृष्टीने न्घे किंवा त्या दिवशी तिथे असलेले दुसरे छायाचित्रकार हुइन्ह काँग फुक हे अधिक योग्य जागी असावेत, असे नमूद केले. संशय खरोखर शिल्लक असताना तो नोंदीत दिसू देणे अधिक प्रामाणिक, म्हणून दुसरा निर्णय मला अधिक पटतो. छायाचित्राला १९७३ मध्ये दिलेला पुरस्कार वर्ल्ड प्रेस फोटोने काढून घेतलेला नाही.