अण्णांचा रोजमेळ आणि चाळीस अक्षरं

अण्णा पतपेढीत कारकून होते. रोजमेळ जुळला नाही की त्या रात्री आमची जेवणं लांबत. वहीचं पान भरलं की तळाशी बेरीज, आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा, 'मागील पानावरून'. मधल्या पानात कुणी खाडाखोड केली, तर पुढचं प्रत्येक पान बोंब मारायचं.

प्रोग्रामर होऊन गिट शिकले, तेव्हा मला ती वहीच दिसली. सॉफ्टवेअरच्या मजकुरात कुणी, कधी, काय बदललं याची नोंद गिट ठेवतं. लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून त्यात शा-१ या पद्धतीने ४० अक्षरांचा ठसा, म्हणजे हॅश, निघतो; एक स्वल्पविराम सरकला तरी हॅश पार निराळा. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, त्या वेळच्या सगळ्या फाइलींचा मिळून एक हॅश असतो, शिवाय मागच्या कमिटचाही. मागील पानावरून! फक्त, बेरीज दोन आकडे इकडचे तिकडे करून जुळवता येते (जुळवणारे असत, अण्णा नावं सांगत नसत). हॅशशी तसं जमवणं महाकठीण. तरी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची संशोधन संस्था सीडब्ल्यूआय आणि गूगल यांनी एकच शा-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. असा डाव ओळखणारी तपासणी गिटमध्ये त्याच वर्षी आली.

गिटच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. नोव्हेंबर २००३. लिनक्सची मूळ वही बिटकीपर नावाच्या व्यवस्थेत होती आणि तिची एक नक्कल सीव्हीएस नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेत. कुणीतरी त्या नकलेत थेट दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता 'वापरणारा शून्य क्रमांकाचा आहे का?' अशी तपासणी. पण दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच. त्यामुळे प्रश्नाचा हुकूम झाला: याला शून्य क्रमांक द्या. शून्य म्हणजे संगणकाचा मालक! मुळात नोंद नसलेला बदल नकलेत दिसला, म्हणून चोरी उघडी पडली. चोर अजून सापडलेला नाही.

माझ्या वाट्याला आलं ते साधंच. जुन्या लॅपटॉपची डिस्क मरायला टेकली होती. 'गिट एफएससीके' ही आज्ञा दिली. तिने सगळे हॅश पुन्हा मोजले आणि एका बिघडलेल्या फाइलीवर बोट ठेवलं. सहकाऱ्याकडे सगळ्या इतिहासाची प्रत होतीच, तिच्यातून ती फाइल आणली.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण मी अण्णांना सांगितलं. फाइली लहान करणाऱ्या त्या प्रोग्राममध्ये चोरवाट बसवणारा बाहेरचा नव्हता. विश्वास कमावून सांभाळणाऱ्यांपैकीच एक झालेला. चोरवाटेचा माल त्याने चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्ये रीतसर ठेवला आणि तो जागा करणारी ओळ फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात घातली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला, म्हणून ते सापडलं.

"आणि त्या फाइलींचे हॅश?" अण्णांनी विचारलं.

"बिनचूक."

"म्हणजे मेळ जुळला होता," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.