कागद पास झाला, मग गादी का खचली?

गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण माजी मालगुजारी तलाव गावोगावी आहेत आणि धानाला आजही पाणी देतात. मातीची पाळ, पाणी सोडायचे तुडूम आणि जादा पाणी काढून देणारी सलंग, एवढीच त्यांची यंत्रणा. वर्षाचा पाऊस १,३०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे सलंगीची परीक्षा दरवर्षी ठरलेलीच.

काही वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका तलावावर गेलो होतो. सलंगीखालच्या उतारावर काँक्रीटची गादी अंथरली होती. कृत्रिम धाग्याचे दुहेरी कापड उतारावर पसरायचे आणि त्यात वाळू-सिमेंटचे पातळ मिश्रण पंपाने भरायचे, अशी ही रीत. इथे कापडच साचा असतो. जादा पाणी कापडातून झिरपून जाते आणि काँक्रीट घट्ट होते. काम झटपट झाले, पण पहिल्याच पावसाळ्यात गादी मधोमध खचली. ठेकेदाराने प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. आकडे सगळे उत्तम! तेव्हा एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "कागद त पास झाला ना साहेब, मंग गादी कायले बसली?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असे, की परीक्षा एक नसते, तीन असतात.

पहिली परीक्षा मालाची. कापड किती ताण सोसते, त्यातून पाणी किती जाते, मिश्रण नळीतून नीट वाहते का आणि २८ दिवसांनी काँक्रीट किती दाब सहन करते, हे प्रयोगशाळा सांगते. मुंबईची 'बीट्रा' ही संस्था अशा तांत्रिक कापडांच्या चाचण्या करते.

दुसरी परीक्षा वाहत्या पाण्याची. मातीच्या उतारावर आच्छादन बसवून पाण्याचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवतात. आच्छादन फुटले का, एवढेच बघून भागत नाही. खालची माती किती गेली हे मोजावे लागते. गुंडाळीने येणाऱ्या धूपरोधक गालिच्यांच्या अमेरिकी चाचणीत सरासरी अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर माती गेली की त्या मालाची मर्यादा संपली असे धरतात. कारण पाणी सहसा काँक्रीट फोडत नाही. ते खालची माती नेते आणि मग काँक्रीट आपल्याच वजनाने खचते.

तिसरी परीक्षा जागेवरची. आमच्या तलावावर घोटाळा इथेच झाला होता. गादीची वरची कड चर खणून जमिनीत पुरलेलीच नव्हती. त्या फटीतून पाणी खाली शिरले आणि माती घेऊन गेले. माती अडवून पाणी जाऊ देणारे गाळण कापडही खाली नव्हते.

आता कागदाविषयी. चाचणी अहवाल म्हणजे प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्याचा निकाल. कामावर आलेली गाडी त्याच मालाची आहे, याची हमी तो देत नाही. प्रमाणीकरणात कारखान्यातले उत्पादन वेळोवेळी तपासले जाते. आयएसआय चिन्हावर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो; तो भारतीय मानक ब्युरोकडे पडताळता येतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९ प्रकारच्या जिओटेक्स्टाइलसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले. पण कड पुरली की नाही, हे कोणतेही चिन्ह सांगणार नाही.

म्हणून गावात असे काम निघाले, तर ग्रामसभेने तीन गोष्टी मागाव्यात: कामावर आलेल्याच मालाच्या नमुन्याची चाचणी, वाहत्या पाण्यातल्या चाचणीचा निकाल आणि माती टाकून झाकण्यापूर्वी कडेचा चर डोळ्यांनी बघण्याची संधी. तिसरीला पैसा लागत नाही. त्या शेतकऱ्यांनी नंतर तेच केले. दुरुस्तीच्या वेळी ते काठी घेऊन चराच्या काठावर उभे होते, खोली मोजत.