सीएसएस चूक सांगत का नाही?

सीएसएस शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य तोंडात येतं, ‘सगळं बरोबर लिहिलंय, तरी रंग लागत नाहीये.’ मीही ते म्हटलंय, आणि तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

इंदूरला माझी मावशी फराळाच्या ऑर्डरी घेते. तिच्यासाठी मी एक साधं पान केलं होतं. खाली काळी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत फोन नंबर. एका रात्री पट्टी जरा ऐसपैस दिसावी म्हणून एक ओळ वाढवली आणि न तपासताच अपलोड करून झोपलो. सकाळी मावशीचा फोन, “अरे, पानावरचा नंबर कुठे गेला?” नंबर जागेवरच होता. काळा रंग गेला होता. पांढऱ्या पानावर पांढरा नंबर दिसणार कोणाला?

नियम असा होता (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं):

.पट्टी {
कलर: व्हाइट;
बॅकग्राउंड: ब्लॅक
पॅडिंग: १२पीएक्स;
}

आधी काळ्या रंगाची ओळ शेवटची होती. महिरपी कंस बंद होण्याआधीच्या शेवटच्या ओळीला सेमीकोलन नसला तरी चालतं, म्हणून काल सगळं ठीक होतं. खाली पॅडिंग जोडल्यावर ती शेवटची राहिली नाही. ब्राउझर सेमीकोलन येईपर्यंत वाचत जातो. त्याच्या लेखी बॅकग्राउंडची किंमत झाली ‘ब्लॅक पॅडिंग: १२पीएक्स’. असा कुठला रंगच नाही, म्हणून दोन्ही ओळी बाद. वरची पांढऱ्या अक्षरांची ओळ मात्र शाबूत, आणि तिनेच घात केला.

मग ब्राउझर ओरडला का नाही? जावास्क्रिप्ट चुकली की कन्सोलमध्ये लाल अक्षरं येतात. सीएसएसमध्ये गप्प राहणं हा ठरवलेला नियम आहे. १९९६ साली पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून नवनव्या गोष्टी त्यात येतच आहेत. जुन्या ब्राउझरला न कळलेली ओळ त्याने सोडून द्यावी आणि बाकीचं पान नीट दाखवावं, ही त्यामागची सोय. पण न कळलेली नवी ओळ आणि आपली चूक यांत ब्राउझरला फरक करता येत नाही.

म्हणून एखादी ओळ चालत नसेल तर आधी तिच्या वरची ओळ बघा. एका जागेपासून खालचं जवळपास सगळंच बिघडलं असेल, तर वर कुठेतरी महिरपी कंस बंद करायचा राहिलाय. २०२३ पासून ब्राउझरांमध्ये एका नियमाच्या पोटात दुसरा नियम चालतो, त्यामुळे आता खालचे नियम त्या उघड्या कंसाच्या पोटात जातात आणि फक्त त्या भागातल्या घटकांनाच लागतात.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. आकडा आणि पीएक्स यांच्यामध्ये जागा सोडली, ओळ बाद. दोन तिरप्या रेघांची टिप्पणी सीएसएसमध्ये नसते, ती पुढचा मजकूर गिळते. ‘एच१, एच२,’ असा शेवटी स्वल्पविराम राहिला तर अख्खा नियम गेला. आणि गंमत म्हणजे क्लासचं नाव देवनागरीत चालतं, पण आकडे देवनागरीत चालत नाहीत!

शोधायचं कसं? पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि स्टाइल्स बघा. ओळ खोडलेली आणि शेजारी पिवळा त्रिकोण असेल, तर ती ब्राउझरला कळलेली नाही. नुसतीच खोडलेली असेल तर लिहिणं बरोबर आहे, दुसरा नियम वरचढ ठरलाय. नियम दिसतच नसेल तर कंस, स्वल्पविराम आणि क्लासआधीचा टिंब तपासा.

एक चूक मात्र त्रिकोणालाही सापडत नाही. मुक्ता हा फॉन्ट आपण मराठी पानांवर पुष्कळ वापरतो. त्याचं नाव वर्डमधून चिकटवलं की सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हं येतात. ब्राउझर ती चिन्हंही नावाचाच भाग धरतो, तसला फॉन्ट शोधतो, सापडत नाही म्हणून दुसराच लावतो. ओळ खोडलेली दिसत नाही. अशा वेळी क्रोममध्ये स्टाइल्सशेजारच्या कॉम्प्युटेडमध्ये जा आणि अगदी तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स बघा. खरोखर कुठला फॉन्ट लागलाय, ते तिथे लिहिलेलं असतं.