शुश्रूषेंतील तारतम्य

शुश्रूषा म्हणजे डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध वेळेवर देणें, अंथरूण नीटनेटकें ठेवणें आणि रोग्याशीं गोड बोलणें, अशीच समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. आमचीही तशीच होती. ती एका रात्रींत कशी पालटली, हें प्रांजळपणें सांगितल्यास वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमच्या आत्याबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांचें मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें. वय ७६ वर्षांचें. तरी शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. त्याच रात्रीं अकराच्या सुमारास मात्र त्या तळमळूं लागल्या. चादर ओढावी, उठून बसूं पाहावें, कांहींतरी असंबद्ध बोलावें, असें चाललें. वेदना असह्य झाल्या असाव्यात असें समजून आम्हीं नर्सबाईंना म्हटलें, "अहो, त्यांना तें दुखणें थांबविण्याचें इंजेक्शन देऊन टाका, निदान झोप तरी लागेल." 'जरूर पडल्यास द्यावें' असें डॉक्टरांनीं लिहूनही ठेविलें होतें. तरी नर्सबाईंनीं तें लगेच दिलें नाहीं.

त्यांनीं घड्याळ समोर धरून पुरें एक मिनिट श्वास मोजला. नाडी, रक्तदाब, ताप व रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहिलें. मग वाकून विचारलें, "आजी, आज वार कोणता?" पंचांग न उघडतां तिथि सांगणाऱ्या आमच्या आत्याबाईंना त्या वेळीं वारही सांगतां येईना. "ह्या एरवीं अशाच बोलतात का?" असें आम्हांस विचारून, 'नाहीं' म्हणतांच त्यांनीं नोंदींचा कागद उलटला. दुपारपासून लघवीची नोंदच नव्हती. आम्हांस बाहेर थांबण्यास सांगून, पडदा ओढून त्यांनीं आत्याबाईंचें ओटीपोट तपासलें व डॉक्टरांना फोन केला. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणती, सायंकाळीं स्थिति काय होती, आतां काय दिसतें, आपला तर्क काय, हें सारें त्यांनीं दोन मिनिटांत सांगितलें. मूत्राशय तुडुंब भरला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नळी घालतांच आत्याबाई शांत झाल्या आणि थोड्याच वेळांत त्यांना झोप लागली. "एवढें साधें इंजेक्शन देण्यास ह्यांचें काय जातें!" असे उद्गार आम्हीं पडद्याबाहेर काढले होते, त्यांची लाज आम्हांस अजून वाटते.

कंबरेंत दिलेली भूल आणि अफूच्या वर्गांतील वेदनाशामक औषधें ह्यांमुळें लघवी अडणें ही वृद्धांच्या बाबतींत दुर्मिळ गोष्ट नव्हे. तेंच औषध पुन्हा दिलें असतें, तर तळमळ वरवर दबली असती. मूळ अडथळा मात्र तसाच राहिला असता, आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढला असता तो निराळाच. येथें नर्सबाईंनीं आज्ञाभंग केला नाहीं. 'जरूर' आहे कीं नाहीं, हें पलंगाशेजारीं उभ्या असलेल्या व्यक्तीनेंच पाहावयाचें असतें. त्याचबरोबर निदानाचा अधिकारही त्यांनीं आपल्याकडे ओढून घेतला नाहीं. आपल्याला काय कळतें आणि कोठें थांबून दुसऱ्यास बोलवावयाचें, ह्या दोन्ही गोष्टी जाणणें, ह्यालाच आम्ही तारतम्य म्हणतों.

ही दृष्टि कांहीं आजची नव्हे. क्रिमियन युद्धाच्या वेळीं, १८५४ पासून, स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत काम केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या १८५९ सालच्या शुश्रूषेवरील पुस्तकांत रोग्याच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि तें पुस्तक मुख्यतः घरोघरच्या स्त्रियांसाठीं लिहिलेलें आहे, हें विशेष. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१२ सालीं श्वास, नाडी, रक्तदाब इत्यादींस गुण देऊन धोका आधींच ओळखण्याची पद्धति घालून दिली. २०१७ च्या सुधारणेंत 'नव्यानें उद्भवलेला भ्रम' हेंही त्यांत धोक्याचें लक्षण म्हणून धरलें गेलें. वार विचारण्याच्या त्या साध्या प्रश्नाचें मोल आम्हांस तेव्हां कोठून ठाऊक असणार!

आपल्या वर्गानें हें काम एके काळीं हलकें मानलें, हेंही कबूल केलें पाहिजे. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदनाचें कार्य सुरू झालें, आणि विधवांसह अनेक स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. त्या वाटेनें गेलेल्या स्त्रियांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं क्षमा मागून नर्सबाईंपुढें एक पाकीट धरलें. तें त्यांनीं हातांतही घेतलें नाहीं. त्या म्हणाल्या, "हें राहूं द्या. खरें म्हणजे आठ वाजतां पाळीवर येतांच मीं तो कागद पाहावयास हवा होता. आजींना तीन तास उगीच त्रास झाला. मीं तसें लिहून ठेविलें आहे आणि मोठ्या बाईंनाही सांगितलें आहे." आम्ही स्तब्ध झालों. जी चूक आमच्या कधींच ध्यानांत आली नसती, ती त्यांनीं आपण होऊन सांगितली होती. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हें पडताळून पाहण्याचें शिक्षण देतां येतें; परंतु कोणी पाहात नसतां आपली चूक लिहून ठेवण्याचें धैर्य ज्याचें त्यानेंच कमवावें लागतें.

घरांतील मंडळींनींही एवढें करावें. रोग्याला झोपविण्यासाठीं औषधाचा आग्रह धरूं नये. श्वास मोजला जात असतां बोलूं नये. आणि माणसाचें वागणें नेहमींपेक्षां निराळें दिसल्यास तें लागलेंच सांगावें. कारण नेहमींचें माणूस कसें असतें, हें घरच्यांइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?